घासलेला बगळा

मला लोकांनी कल्हईवाला म्हटलं, मोडवाला म्हटलं, भंगारवाला म्हटलं आणि एकदा सांगलीत भरल्या दिवाणखान्यात गाढव म्हटलं. पहिल्या तीन नावांचं मला काही वाटत नाही. चौथ्याबद्दल सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसलो. संपादक म्हणाले, तुम्ही बोलता तसं लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघू. मी म्हटलं, बघा, पण माझी माणसं जशी बोलली तशीच छापायची. त्यांची बोली सुधारायला गेलात तर कागद परत द्या.

माझं नाव बाबालाल, राहणार मिरज. शाळा तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी धरली आणि मोडली. शिक्षण तिथं संपलं. वडिलांचा भाता होता, त्यावर बसलो. हल्लीच्या पोरांना कल्हई माहीत नाही म्हणून सांगतो. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं आणि खाणाऱ्याला बाधतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा हात द्यायचा. आधी भांडं चिंच आणि वाळूनं घासून लख्ख करायचं, मग निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं एका हातात आत चांदणं पाडायचं. एका हातात म्हणजे एका हातात. दुसरा हात मारावा लागला तर तो कल्हईवाला कच्चा. मला दुसरा हात कधी लागला नाही.

लढाईच्या सालात मी सायकलला भाता बांधून विटा, तासगाव आणि तिकडं कोरेगावच्या अंगापर्यंत हिंडायचो. या मुलखात घरटी एक माणूस पलटणीत. कुणी ब्रह्मदेशात, कुणी मलायात, आणि लढाई संपल्यावर काही पलटणी जपानला नेऊन ठेवल्या होत्या. ही माणसं घरी येताना ट्रंकेत काही ना काही घेऊन यायची. घरात त्याचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नसायचं. एका घरी ब्रह्मदेशची लाखेची डबी, तांबडी आणि काळी, केसाएवढ्या रेघांनी त्यावर हत्ती आणि माणसं कोरलेली. तिच्यात सासूबाईंची मिशेरी. दुसऱ्या घरी जपानी रेशमी झगा, तो फाडून पोराला कुंची शिवलेली. उडणाऱ्या पाखराचा अर्धा पंख कुंचीवर, अर्धा उशीच्या अभ्र्यावर. तासगावजवळ एका बाईकडं निळ्या नक्षीची चिनी बरणी होती, चांगली गुडघ्याएवढी. आत कैरीचं लोणचं.

मी मागितली तर बाई म्हणाली, "न्ये की. पर लोनचं कशात घालू त्ये सांग."

मी बाजारातनं नवी बरणी आणून दिली. तिनं झाकण लावून बघितलं. म्हणाली, "हिचं झाकान घट बसतंय. ती जुनी तुला लखलाभ. उगंच चार वर्सं मुंग्या झाडत बसले मी."

ती बरणी मिरजेच्या एका डॉक्टरांनी माझ्या सायकलवर बघितली. ते विलायतेला जाऊन आलेले. सायकल थांबवून रस्त्यातच खाली बसले आणि बरणीवरनं हात फिरवत राहिले. मला म्हणाले, "बाबालाल, ही किती जुनी आहे कळतंय का तुला?" मी म्हटलं, "न्हाई. पर हाताला कळतंय की ही बाजारातली न्हवं." ते हसले. म्हणाले, "तेवढं कळलं तरी पुष्कळ." तिथनं माझा दुसरा धंदा सुरू झाला. कल्हई करत गावं हिंडायची, लांबच्या मुलखाची चीज दिसली की मागायची, आणि सांगली, साताऱ्याच्या मोठ्या घरांत ती नेऊन मांडून द्यायची.

मांडून द्यायची हे मुद्दाम लिहितोय. नुसतं विकणं कुणीही करतं. मी घरात जाऊन आधी भिंती बघायचो. लोकांची खोड अशी की दहा वस्तू असल्या की दहाही एका कपाटात कोंबायच्या, वर काच आणि कुलूप. मी सांगायचो, एका भिंतीला एकच. आपल्याकडं बसायची रीत बैठकीवर, तर वस्तू उभ्या माणसाच्या डोळ्याला लागून उपयोग काय? बसलेल्याच्या नजरेला आली पाहिजे. भिंतीतला कोनाडा असेल तर सोन्याहून पिवळं. आतून पांढरी चुन्याची सफेदी द्यायची आणि मधोमध एक चीज ठेवायची. बाजूला उदबत्ती नाही, बाजूला लेकाचा फोटो नाही. यावरनं माझी भांडणं झाली, दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. तुटू देत. फोटोच ठेवायचा तर मला कशाला बोलावलंत?

नमुने पण एकेक. विट्याचे एक शेट, लांब कुठं मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान, गावी टोलेजंग घर बांधलेलं. त्यांना जपानी पितळेचं एक कासव दाखवलं. शेटनी ते उचललं, हातावर तोललं आणि विचारलं, "वजन?"

"वजनावर न्हाई शेट ही वस्तू."

"आरं गड्या, जगात वजनावर न्हाई असं काय असतंय? तुझी माझी किंमत बी शेवटाला लाकडाच्या वजनावरच हाय."

"तुमची आसंल. आमाला लाकडं लागत न्हाईत, आमी मातीत जातोय."

शेट एवढे हसले की कासव हातातनं सुटता सुटता राहिलं. घेतलं त्यांनी. कोनाड्यात ठेवलं, मी सांगितलं तसं. पण मी दाराबाहेर पडेपर्यंत कुणीतरी त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं होतं. कासव म्हटल्यावर आपल्याकडं दुसरं काय होणार. ते मी पुसलं नाही. सगळ्याच गोष्टींत भांडत नाही मी.

आणखी एक सांगतो म्हणजे कुणी मागनं बोलायला नको. ही सगळी लूट होती का? मी प्रत्येक शिपायाला तोंडावर विचारायचो, "दिली का उचलली?" काही सरळ सांगायचे, काही खाली बघायचे. खाली बघणाऱ्याची वस्तू मी घेत नसे. एकदोनदा घेतली. वस्तू फार देखणी होती आणि मी तरणा होतो. त्याचं समर्थन करत नाही.

आता बगळ्याचं.

सत्तेचाळीस सालची गोष्ट, पाऊस उलगडला होता. विट्याकडच्या वाटेवर एक गाव आहे, नाव लिहीत नाही, त्या घरची माणसं आज नांदतायत. देवळापुढं भाता लावला होता. बाया भांडी आणत होत्या. एका म्हातारीनं पदराखालनं एक फुलदाणी काढून माझ्यापुढं ठेवली.

"ह्येला आतनं कल्हई कर रं बाबा. पानी तापवाय हुईल."

मी हातात घेतली आणि भाता मारायचा थांबलो. हातभर उंच, काशाच्या जातीची. रंग पिकल्या जांभळाचा, आणि वळणावर मध्येच गुळाच्या ढेपेसारखा तांबूस. अंगावर एक बगळा, ओतीव कामातनं उठून आलेला. एक पाय वर घेतलेला, मान खांद्यात ओढलेली. पिसापिसाच्या खाचेत काळोख भरलेला, त्यामुळं पांढऱ्या रंगाचा थेंब नसताना बगळा पांढरा वाटायचा. डोळ्याच्या जागी चांदीचा ठिपका, मोहरीएवढा.

मी म्हटलं, "हिला कल्हई करनार न्हाई मी."

"का? कथील सपलं व्हय तुझं?"

"म्हातारे, ही फुलं ठेवायची चीज हाय."

"फुलं द्येवाला घालायची का बोळक्यात कोंबायची? आन् त्यो बगळा बघ. योका पायावर ध्यान लावतोय मेला, आन् ध्यान कशाचं? माशाचं. आसला बुवा मला घरात नगं."

तेवढ्यात तिचा मुलगा आला. शिदू हवालदार. नुकताच पलटणीतनं नाव कमी करून आलेला, मिशा अजून परेडवर असल्यासारख्या. त्याला मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, "हवालदार, दिली का उचलली?"

माणूस तापला नाही. माझ्या भात्यापाशी उकिडवा बसला आणि सांगायला लागला. जपानात ज्या शहराजवळ त्यांची छावणी होती ते सगळं जळालेलं. पत्र्याच्या खोपटात एक म्हातारी एकटी राहायची. याची गस्त तिच्या दारावरनं. हा आपल्या शिध्यातला तांदूळ आणि साखर तिला नेऊन द्यायचा, सहा महिने. निघायच्या दिवशी तिनं ही फुलदाणी त्याच्यापुढं दोन्ही हातांनी धरली.

"नगं म्हनलो मी. तर तिनं अशी मान खाली घातली की मला वाटलं, न घेनं म्हंजे तिच्या तोंडात मारल्यागत हुईल. घराचं तेवढंच राहिल्यालं तिच्याजवळ. आगीतनं वाचल्यालं. आता तूच ने ही, ईक कुनाला तरी."

"मग विकतोयस कशाला?"

"आई वापरून वापरून हिचा बंब करील. तुझ्या वळखीची थोरामोठ्याची घरं हायत म्हनं. चांगल्या घरी दे. पर येक ध्येनात ठेव, मोडीत जाता कामा न्हाई. आगीतनं निघालीया ती. पुन्ना आगीत घालायची न्हाई."

मोडीत देणं म्हणजे जुनं भांडं वितळवायला घालणं. आमच्या धंद्यात निम्म्या वस्तूंची वाट तीच. मी गळ्याला हात लावून शब्द दिला. आणि मी सांगतो, तो शब्द मी आयुष्यात दिलेल्या सगळ्या शब्दांत मोठा होता, कारण समोरच्यानं माझ्याकडं कागद मागितला नव्हता.

सांगलीला अण्णासाहेब म्हणून मोठे वकील होते. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्याकडं बडी मंडळी जमायची आणि दिवाणखाना मी मांडून देणार होतो. लाखेचा एक पडदा होता, दोन चिनी बशा होत्या, आणि दारासमोरच्या कोनाड्यासाठी मी बगळा ठरवला. अण्णासाहेबांनी तो मिरजेला येऊन माझ्या घरी अंधारातच बघितला होता आणि लगेच पसंत करून पैसेही मोजले होते.

आता इथं माझं काय झालं ते नीट सांगतो. चिनी मातीच्या वस्तूला मी भिऊन हात लावायचो. लाखेच्या वस्तूवर धूळ पडली तर फुंकर मारायचो, बोट लावत नव्हतो, कारण ते मला कळत नव्हतं. पण फुलदाणी धातूची. धातूला मी का भ्यावं? दहा वर्षांचा होतो तेव्हापासनं धातू माझ्या हाताखाली. ज्या घरात मी वाढलो तिथं काळं भांडं म्हणजे बाईच्या आळसाची खूण आणि कल्हईवाल्याची लाज. त्यात दिवाळी. दिवाळीला काळं भांडं घेऊन मी वकिलाच्या दारात जाऊ?

सकाळी बसलो. चिंच, मीठ, राख. मग विटेची बारीक भुकटी. मग कोरडी राख आणि सुती चिंधी. दुपारच्या अजानपर्यंत हात थांबला नाही. काळं पाणी वाहून गेलं आणि फुलदाणी अशी निघाली, अशी निघाली की तिच्यात बघून दाढी करावी. मी ओसरीवर नेऊन उन्हात ठेवली आणि घरात हाक मारली.

आमच्या घरातली पीठ मळता मळता बाहेर आली. बघत राहिली. मग म्हणाली, "बगळा कुठं गेला?"

"डोळे फुटले का तुझे? हा काय."

"आधी लांबनं दिसायचा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी पण बघितलं. खाचांतला काळोख गेला होता, तशा खाचाही गेल्यागत झाल्या होत्या. पिवळ्या धमक उजेडात बगळा विरघळला होता. चांदीचा ठिपका तेवढा राहिला होता, तोही पिवळ्यात पिवळा. पण मी स्वतःला म्हटलं, बायकांना काय कळतं. तीस वर्षांचा माणूस आपल्या हातच्या कामाला एका वाक्यावर नाव ठेवत नाही.

पाडव्याला दिवाणखाना भरला. मी दाराशी उभा. माझी जागा तीच असायची, मांडलेलं कुणी हलवलं तर परत सरळ करायला. पाहुण्यांत एक सर होते, मुंबईला कलेच्या शाळेत शिकवणारे, लढाईच्या आधी जपानला राहून आलेले. अण्णासाहेबांनी त्यांना हाताला धरून कोनाड्यापुढं नेलं.

सरांनी लांबनंच बघितलं आणि हसले. "अण्णासाहेब, हे तुम्हाला जपानी म्हणून दिलं कुणी?"

"का?"

"अहो, हे नवं पितळ. उत्तरेत असल्या जपानी धाटणीच्या फुलदाण्या गाड्या भरभरून करतात, विलायतेच्या सायबांसाठी. दहा वर्षांपलीकडची नाही ही. बगळा तर बघा, साबणाचा असावा तसा."

सगळे माझ्याकडं वळले. अण्णासाहेब वकील माणूस, आवाज चढवत नसत. "बाबालाल, तू मला काय सांगितलं होतंस?"

"जपानची हाय म्हनालो, मालक."

"आणि सर काय म्हणतात?"

त्यांचे कारकून मागनं म्हणाले, "तांबट आळीत देऊन टाकू साहेब. वजनदार आहे. मोडीत एखादं घंगाळ सुटेल."

मोडीत हा शब्द ऐकला आणि हवालदाराला दिलेला शब्द आठवला. आता तिथं उभं राहून माझ्यापुढं काय होतं ते बघा. गप्प बसलो तर मी लबाड, आणि फुलदाणी भट्टीत. खरं बोललो तर फुलदाणी वाचेल, पण मी अडाणी ठरणार, तेही माझ्याच धातूत, माझ्याच हातानं. आणि तिसरी एक वाट होती. हवालदारानं मला फसवलं म्हणायचं. कुणीही विश्वास ठेवला असता. शिपाई गडी, कुठनं काय आणेल. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंड उघडलं पण होतं. आज इतक्या वर्षांनी मला घासल्याची जेवढी लाज नाही तेवढी त्या उघडलेल्या तोंडाची आहे.

पण वाक्य दुसरंच बाहेर पडलं.

"सर, उपडी करा."

"काय?"

"फुलदानी उपडी करा आन् खालनं बघा."

त्यांनी उपडी केली. बुडाला आत एक खोलगट कडं होतं. तिथं माझी चिंधी पोचली नव्हती, कल्हईवाला बूड घासत नाही, बूड निखाऱ्यावर जायचं असतं. त्या कड्याच्या आत तो जांभळी काळा रंग जसाच्या तसा होता आणि मध्ये तीन अक्षरं, पाखराच्या पायासारखी. सरांनी खिशातनं भिंग काढलं. खिडकीपाशी गेले. बराच वेळ परत आले नाहीत.

आले तेव्हा हसू गेलं होतं. "हे जुनं आहे. चांगलं जुनं. मग वरचा रंग... वर हे काय झालं?"

मी म्हटलं, "मी घासली."

"घासली म्हणजे?"

"चिच, मीठ, राख. मागनं विटंची भुकटी. सकाळधरनं दुपारपातूर."

सर माझ्याकडं असे बघत राहिले जसं मी माणूस मारून आलोय. "गाढवा! तो रंग म्हणजे मळ नव्हता रे. तो त्या कारागिरानं मुद्दाम चढवलेला असतो. मग पिढ्यान्‌पिढ्या हात फिरून तो पिकतो. शंभर वर्षांचं काम तू एका सकाळी नालीत घालवलंस!"

दोघंतिघं हसली. पाडव्याचा दिवस, पोटात श्रीखंड, हसू यायचंच. मी दाराची चौकट सोडून आत गालिच्यावर गेलो. तिथं मी कधी पाय ठेवत नसे.

"गाढव म्हना सर, मला चालंल. घासली ती मीच. पर लबाड म्हनायचं न्हाई. जपानची म्हनालो, जपानचीच हाय."

"ते ठीक आहे, पण..."

"पर काय? मी न इचारता घासली, तुमी न उलटवता बोललासा. मी तिसरी शिकल्याला. तुमची इयत्ता कुठली?"

अण्णासाहेब, एवढा गंभीर माणूस, पण त्यांनी तोंडावर उपरणं धरलेलं मी बघितलं. सरांचे कान तांबडे झाले. तो माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणतो. त्या दिवशी म्हणालो नसतो.

मग सर सावरून म्हणाले की ही फुलदाणी मला द्या, मी शाळेत ठेवीन, अज्ञानानं वस्तूची कशी नासाडी होते त्याचा नमुना म्हणून पोरांना दाखवीन. अण्णासाहेब म्हणाले, घेऊन जा, असली नासलेली वस्तू मला कोनाड्यात नको.

मी पुढं होऊन सरांच्या हातातनं ती काढून घेतली. "ही विकायची न्हाई," म्हटलं. अण्णासाहेबांचे पैसे दुसऱ्या दिवशी परत केले. कोनाडा रिकामाच राहिला, आणि खरं सांगायचं तर रिकामाही चांगला दिसत होता.

तिसऱ्या दिवशी फुलदाणी फडक्यात बांधून हवालदाराच्या गावी गेलो. शब्द दिलेल्या माणसाला तोंड दाखवणं भाग होतं. गाठोडं सोडलं. हवालदाराचा चेहरा उजळला.

"आरं तिच्या! काय लकाकी आनलीयास रं! आमच्या पलटनीत आसतास तर बक्कल घासायला तुलाच ठेवला आसता."

म्हणजे बघा. मी चिंचेत वाढलेला आणि हा बक्कल घासण्यात. दोघांच्या मुलखात चकाकतं तेच चांगलं. मी त्याला सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, शंभर वर्षं, नाली, सगळं. त्याचा चेहरा हळूहळू पडला. त्यानं बगळ्यावरनं अंगठा फिरवला.

मग म्हणाला, "तरीच."

"तरीच काय?"

"ती म्हातारी रोज सकाळी फुलदानी मांडीवर घ्यायची आन् पुसायची. नुसतं कोरडं फडकं. पानी न्हाई, काय न्हाई. खोपटात प्यायला पानी आसायचं, पर हिला कवा लावलं न्हाई. मला वाटायचं, खुळी झालीया, योकच भांडं किती पुसतीया."

"हे मला तवा का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस का? दिली का उचलली, येवढंच इचारलंस."

त्यानंतर मी कुणाकडनं एक चमचा जरी घेतला तरी दुसरा प्रश्न विचारायचो, "जिच्याकडची हाय, ती कशी ठेवायची?" त्या एका प्रश्नानं पुढं माझ्या हातनं किती वस्तू वाचल्या ते मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात त्या आहेत त्यांना माहीत आहे.

मी फुलदाणी त्याच्यापुढं सरकवली. "ही तुझी. मी बिघडवली."

त्यानं परत माझ्याकडं सरकवली. "चांगल्या घरी दे म्हनालो हुतो. मोडीत गेली का? न्हाई. भरल्या सभेत गाढव म्हनून घेतलंस पर मोडीत घातली न्हाईस. आता आनि कंचं घर बघू मी? ने. आन् पुसत ऱ्हा."

"किती दिस?"

"मला काय ठावं? काळी झाली की सांगावा धाड. बगाय येतो."

आतनं म्हातारी ओरडली, "त्यो बगळा परत आनलास व्हय रं घरात?"

"न्हाई म्हातारे," मी म्हटलं, "चाललाय माझ्याबरूबर. मासं खाऊ घालतो त्येला."

तेव्हापासनं रोज सकाळी नमाज झाला की फुलदाणी मांडीवर घेतो. कोरडं जुनं धोतर, मऊ झालेलं. पहिली दोन वर्षं काही नाही, नुसती चकाकी मेली. शेजारीपाजारी म्हणायचे, बाबालाल पितळेला मांडीवर घेऊन बसतोय, पोरं काय कमी आहेत का घरात. सहा-सात वर्षांनी खाचा काळपट व्हायला लागल्या. आधी बगळ्याचे पाय उमटले, मग पंख, मग मान. हवालदार तीनचार वर्षांनी एकदा मिरजेच्या बाजारला आला की डोकावायचा. उन्हात धरून बघायचा आणि म्हणायचा, "आजून कवळी हाय रं." मग चहा पिऊन जायचा. शेवटचा आला तेव्हा खूप वेळ धरून बसला होता. कवळी आहे म्हणाला नाही. पिकलीय असंही म्हणाला नाही. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली आणि मान जरा खाली घातली, जशी त्या म्हातारीनं घातली असेल. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. कल्हई त्याच्या आधी गेली. स्टीलला कथील लागत नाही.

सून चांगली आहे, पण दर दिवाळीला तिचा हात वळवळतो. "आब्बा, येकदा घासू द्या, पावनं येनार हायत." मी म्हणतो, आधी मला घास.

गेल्या साली मुंबईहून एक तरुण गृहस्थ आले होते. जुन्या जपानी वस्तू घेतात, मोठमोठ्या बंगल्यांत मांडून देतात. म्हणजे माझाच धंदा, फक्त सायकल नाही. कुणीतरी पत्ता दिला होता. कोनाड्यात बगळा बघून दारातच थांबले.

"बाबा, काय रंग आहे! हा रंग शंभर-दीडशे वर्षांखेरीज येत नाही. तुम्ही म्हणाल ती किंमत देतो."

मी म्हटलं, "उपडी करा."

त्यांनी अदबीनं, दोन्ही हातांनी उपडी केली. बुडाच्या कड्यात तो मूळचा जांभळी काळोख, आणि कड्याबाहेर सगळीकडं माझा, जरा तांबूस, जरा फिका. दोन्हींच्या मध्ये एक रेघ आहे, नखाच्या कडेएवढी बारीक. नीट बघितली तरच दिसते. त्यांना दिसली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आतला जपानचा. बाहेरचा मिरजेचा, माझ्या हाताचा. त्यो अजून आतल्याएवढा पिकला न्हाई. रेघ मिटल्यावर या."